वाचकांचे प्रश्न : बचावपटूची कारकीर्द

फुटबॉलमधील बचावपटूंविषयी या सदराकडे गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. प्रश्न निरनिराळे असले, तरी बहुतेक पत्रांमध्ये एसी मिलान आणि इटलीचा बचावपटू पाओलो मालदिनी याचे नाव कुठे ना कुठे आलेले आहे. 1985 ते 2009 या काळात पंचवीस हंगाम एकाच क्लबकडून खेळलेला हा खेळाडू बचावाविषयी बोलण्यासाठी सोयीचाही आहे, कारण त्याच्या डोळ्यांदेखत खेळाचे नियम बदलले, डावपेच बदलले, खेळाडूंच्या करारांचा कायदा बदलला, आणि तरीही प्रत्येक नव्या प्रशिक्षकाने त्याला संघात ठेवले. म्हणून या वेळची उत्तरे मुख्यतः त्याच्या कारकिर्दीच्या आधाराने देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने संपले की गोल करणाऱ्याचेच नाव सगळ्यांच्या तोंडी असते. आघाडीवीराची थोरवी गोलांच्या संख्येवरून सांगता येते. बचावपटूची कशावरून सांगायची? (एक वाचक, कोल्हापूर)

मालदिनीच्या नावावर मिलानकडून सर्व स्पर्धांत मिळून 902 सामने आणि 33 गोल आहेत. यांपैकी गोलांचा आकडा बाजूला ठेवला तरी काही बिघडत नाही. सामन्यांचा आकडा मात्र नीट पाहण्यासारखा आहे. आघाडीवीर चार सामने चाचपडला, तरी पाचव्यात गोल करील या आशेवर प्रशिक्षक त्याला खेळवत राहतो. बचावपटूच्या बाबतीत अशी उधारी चालत नाही, कारण त्याची एक चूक थेट धावफलकावर उमटते. त्यामुळे एखाद्या बचावपटूला किती वेळा आणि किती वेगवेगळ्या प्रशिक्षकांनी निवडले, हे मला त्याच्या योग्यतेचे सर्वांत प्रामाणिक माप वाटते. निल्स लिडहोम यांनी मालदिनीला सोळाव्या वर्षी मैदानात उतरवले. आरिगो साकी यांनी त्याला चौघांच्या सरळ रेषेत बसवले, आणि फाबियो कापेलो यांनी तीच रेषा अधिक सावध केली. अल्बेर्तो झाकेरोनी यांनी तिघांची बचावफळी वापरून 1998-99 चे विजेतेपद मिळवले. पुढे कार्लो आंचेलोत्ती, जो साकींच्या संघात त्याच्याबरोबर खेळला होता, तोच त्याचा प्रशिक्षक झाला. या सर्वांच्या खेळाच्या कल्पना एकमेकांशी फारशा जुळणाऱ्या नव्हत्या, पण संघाची यादी लिहिताना मालदिनीचे नाव सर्वांनीच लिहिले.

दुसरे माप संघाने खाल्लेल्या गोलांचे, आणि ते नेहमी संपूर्ण फळीचे असते. 1993-94 च्या इटालियन साखळी स्पर्धेत मिलानने 34 सामन्यांत केवळ 36 गोल केले, म्हणजे सामन्यामागे जेमतेम एक, आणि तरीही विजेतेपद मिळवले, कारण त्यांच्यावर झालेले गोल अवघे 15 होते. त्याच हंगामात गोलरक्षक सेबास्तियानो रॉसी याने साखळीत सलग 929 मिनिटे गोल होऊ दिला नाही, हा विक्रम 2016 मध्ये जानलुइजी बुफॉनने मोडेपर्यंत टिकला. रॉसी हा त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ गोलरक्षक होता असे फारसे कोणी म्हणत नाही. त्याच्यासमोर तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि मालदिनी उभे होते, आणि त्यांच्याही पुढे मधल्या फळीत मार्सेल देसाइली हा मूळचा बचावपटू होता. या पंधरा गोलांच्या श्रेयाची वाटणी माणसागणिक करू पाहणाऱ्याची फसगत होते.

प्रश्न : मालदिनीचे वडील मिलानचे कर्णधार होते असे वाचले. मग त्याची निवड गुणवत्तेवर झाली असे म्हणता येईल का? (एक वाचक, पुणे)

वडिलांमुळे दार उघडले हे नाकारण्यात अर्थ नाही. त्रिएस्ते येथे जन्मलेले चेझारे मालदिनी स्वतः उत्तम बचावपटू होते, आणि 1963 मध्ये वेम्बली येथे बेनफिकाला 2-1 असे हरवून मिलानने युरोपीय चषक जिंकला तेव्हा ते कर्णधार होते. इटलीच्या क्लबने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. अशा आडनावाचा मुलगा क्लबच्या युवा संघात आला की त्याच्याकडे जास्त लक्ष जाते, पण त्याच आडनावामुळे त्याच्या चुकाही जास्त दिसतात. 20 जानेवारी 1985 रोजी उदिनेसेविरुद्ध बदली खेळाडू म्हणून पाओलो प्रथम उतरला, तेव्हा स्टेडियममधील कुजबुज कोणत्या विषयाची असेल हे सांगायला नको. त्या हंगामात साखळीत तो एवढा एकच सामना खेळला. पुढच्या हंगामात मात्र त्याने संघातील जागा घेतली आणि ती पुन्हा कोणाला मिळाली नाही.

घराणेशाहीची खरी कसोटी पुढे, वडीलच प्रशिक्षक झाल्यावर, लागली. इटलीच्या 21 वर्षांखालील संघात, 1998 च्या विश्वचषकात आणि 2001 मध्ये थोड्या काळासाठी मिलानमध्ये पाओलो त्यांच्या हाताखाली खेळला. मिलानमधील त्या अल्पकाळात त्याच शहरातल्या इंटर या क्लबविरुद्धचा स्थानिक सामना मिलानने 6-0 असा जिंकला, वडील मैदानाच्या कडेला आणि मुलगा कर्णधार. तोपर्यंत पाओलो 32 वर्षांचा झाला होता आणि पक्षपाताची चर्चा केव्हाच मागे पडली होती. एखाद्या वशिल्याच्या खेळाडूला दोन-तीन हंगाम सांभाळून घेता येते, पंचवीस नव्हे.

प्रश्न : टॅकल (चेंडूवर झेप घेऊन तो काढून घेण्याचा प्रयत्न) करावा लागला म्हणजे बचावपटूची आधीच चूक झालेली असते, असे मालदिनी म्हणत असे. टॅकल न करता बचाव होतो तरी कसा? (एक वाचक, मडगाव)

हे वाक्य त्याच्या नावावर सर्वत्र सांगितले जाते आणि त्यामुळे तो टॅकल करतच नसे, असा एक गैरसमज रूढ झाला आहे. त्याच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहिल्या तर डाव्या कडेला घसरत जाऊन अगदी अचूक वेळी चेंडू काढून घेणारा मालदिनी पुष्कळदा दिसेल, आणि ते कौशल्य त्याच्याइतके सफाईदारपणे फार थोड्यांना साधले आहे. त्या विधानाचा आशय वेगळा आहे. जमिनीवर पडलेला बचावपटू पुढचे दोन-तीन क्षण सामन्याबाहेर असतो, म्हणून टॅकल हा अखेरचा उपाय समजायचा आणि तो वापरण्याची वेळ कमीत कमी येईल असे आधीपासून उभे राहायचे.

समजा, प्रतिस्पर्ध्याचा उजवा बगलपटू, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, चेंडू घेऊन मालदिनीसमोर आला. अननुभवी बचावपटू अशा वेळी चेंडूवर झेप घेतो. मालदिनी दीड-दोन पावलांचे अंतर ठेवून, शरीर तिरके करून उभा राहत असे, म्हणजे मैदानाच्या मध्याकडे जाणारी वाट बंद आणि कडेच्या रेषेकडची वाट उघडी. समोरच्याला वाटे की आपल्याला जागा मिळाली. प्रत्यक्षात ती जागा पुढे जाऊन कडेच्या रेषेपाशी संपत असे. तोवर बारेसी किंवा कोस्ताकुर्ता मदतीला सरकलेला असे आणि बगलपटूला एकतर मागे चेंडू द्यावा लागे किंवा घाईने मध्यभागी उडवावा लागे. हा सारा प्रकार तीन-चार सेकंदांचा असतो, दूरचित्रवाणीवर तो कोणी पुन्हा दाखवत नाही, आणि बचावपटूचे निम्म्याहून अधिक काम असेच असते.

अर्थात, हे एकट्याला जमत नाही, आणि इथे साकींचा उल्लेख विस्ताराने करावा लागेल. 1987 मध्ये ते मिलानला आले तेव्हा इटलीत प्रत्येक बचावपटूने आपापला आघाडीवीर धरून ठेवायचा आणि सर्वांच्या मागे एक मोकळा बचावपटू ठेवायचा, ही पद्धत रुळलेली होती. साकींनी माणूस धरण्याऐवजी जागा धरायला शिकवले. चेंडू कुठे आहे, सहकारी कुठे आहे आणि प्रतिस्पर्धी कुठे आहे, या क्रमाने पाहून चौघांनी एकत्र सरकायचे. आघाडीवीरापासून शेवटच्या बचावपटूपर्यंतचे अंतर सुमारे 25 मीटरच्या पलीकडे वाढू द्यायचे नाही. आणि समोरून चेंडू मारला जाण्याच्या बेतात असताना सर्वांनी एका क्षणी पुढे येऊन विरोधी आघाडीवीराला ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे उभा असल्याने नियमबाह्य, ठरवायचे. बारेसीचा वर गेलेला हात हे त्या काळातील मिलानचे ओळखचिन्हच झाले होते. मात्र हात बारेसीचा असला, तरी सापळा यशस्वी होण्याची जबाबदारी बगलेवरच्या बचावपटूवर अधिक असते, कारण तो एक पाऊल जरी मागे राहिला तरी पलीकडच्या कडेचा आघाडीवीरसुद्धा नियमात बसतो. आपल्या बगलपटूवरची नजर हटवून मधल्या सहकाऱ्याच्या रेषेत उभे राहण्याची ही सवय मालदिनीला विशीच्या आत लागली.

साकींनी स्वतः सांगितलेली सरावाची एक पद्धत प्रसिद्ध आहे. रूड खुलित आणि मार्को व्हान बास्टेन या डच खेळाडूंना संघटित बचावाचे महत्त्व पटवून देण्यासाठी त्यांनी एका बाजूला गोलरक्षक आणि चार बचावपटू ठेवले, दुसऱ्या बाजूला हे दोघे धरून दहा जण, आणि दहा जणांना गोल करण्यासाठी पंधरा मिनिटे दिली. अट एकच होती : पाच जणांनी चेंडू काढून घेतला की दहा जणांनी पुन्हा आपल्या अर्ध्या भागातून सुरुवात करायची. साकींच्या सांगण्याप्रमाणे हा प्रयोग त्यांनी वारंवार केला आणि दहा जणांना एकदाही गोल करता आला नाही. त्या चार बचावपटूंत तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि मालदिनी होते. प्रशिक्षकांच्या आठवणीत थोडी भर पडत असते हे गृहीत धरले, तरी त्या संघाचे सामने पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट अविश्वसनीय वाटणार नाही.

प्रश्न : तो मूळचा उजव्या पायाचा असून डाव्या बगलेवर कसा खेळला? (एक वाचक, नाशिक)

गरजेमुळे. उजवी बगल तासोत्तीकडे होती आणि तो सहजासहजी जागा सोडणारा नव्हता, तेव्हा मालदिनीने डाव्या पायावर इतकी मेहनत घेतली की पुढे कित्येक प्रेक्षक त्याला डावखुराच समजू लागले. याचा लाभ दुहेरी झाला. कडेने पुढे जाऊन डाव्या पायाने चेंडू आत टाकता येऊ लागला, आणि समोरचा खेळाडू आतल्या बाजूला वळला की मूळचा बळकट उजवा पाय त्याच्या वाटेत आधीच तयार असे. पुढे मध्यभागी खेळताना दोन्ही पायांनी चेंडू देता येणे हे त्याचे मोठे बळ ठरले.

प्रश्न : चाळिशीपर्यंत व्यावसायिक फुटबॉल खेळणे बचावपटूलाच का जमते? मालदिनीने नेमके काय केले? (एक वाचक, मुंबई)

बचावपटूला जमते हे अर्धसत्य आहे. बगलेवरच्या बचावपटूला जमणे फार अवघड असते, कारण त्याला सामनाभर कडेने वर-खाली धावावे लागते आणि तिशीनंतर पहिल्यांदा कमी होतो तो नेमका हा वारंवार वेगाने धावण्याचा दम. मध्यभागच्या बचावपटूला अंतर कमी कापावे लागते. त्याची कसोटी उडी, ताकद आणि अंदाज यांवर लागते, आणि अंदाज वयाबरोबर वाढतो. मालदिनी सावकाश बगलेवरून मध्यभागाकडे सरकला, तो असा एका रात्रीत नव्हे. 18 मे 1994 रोजी अथेन्समध्ये बार्सिलोनाविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित होते, तेव्हा त्याला फिलिप्पो गॅल्लीबरोबर मध्यभागी उतरवण्यात आले. समोर रोमारिओ आणि स्टॉइचकोव्ह हे आघाडीवीर होते, आणि सामन्याआधी बहुतेकांनी बार्सिलोनालाच पसंती दिली होती. मिलानने तो सामना 4-0 असा जिंकला. त्याच उन्हाळ्यात विश्वचषकात बारेसीच्या गुडघ्याला दुखापत झाल्यावर इटलीकडूनही त्याने हीच जागा सांभाळली. म्हणजे पुढे ज्या जागेने त्याची कारकीर्द लांबवली, ती जागा त्याने तरुणपणीच, आणीबाणीत, दोन मोठ्या स्पर्धांत खेळून ठेवली होती. 2002 मध्ये लाझिओकडून अलेस्सांद्रो नेस्ता आल्यावर त्याच्या शेजारी मध्यभागी किंवा गरजेप्रमाणे डावीकडे, असे त्याचे काम ठरून गेले.

याच काळात नियमांनीही बचावपटूंची परीक्षा घेतली, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा हा भाग सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. 1990 पर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत असलेला आघाडीवीर ऑफसाइड धरला जाई. त्या वर्षीपासून तो नियमात बसू लागला, त्यामुळे साकींचा सापळा एकाएकी अधिक जोखमीचा झाला. 1992 मध्ये सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यावर बंदी आली. तोपर्यंत अडचणीत सापडलेला बचावपटू चेंडू मागे देऊन मोकळा होत असे, त्याला आता दबावाखाली स्वतः वाट काढणे भाग पडले, आणि पायांत कौशल्य नसलेल्या अनेक धिप्पाड बचावपटूंचे दिवस त्या एका नियमाने भरले. 1998 च्या विश्वचषकापासून मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड दाखवले जाऊ लागले. यांतील प्रत्येक बदलाने ताकदीपेक्षा अंदाजाला आणि चेंडूवरच्या हुकमतीला महत्त्व दिले, आणि मालदिनीकडे या दोन्ही गोष्टी भरपूर होत्या.

क्लबचा वाटाही विसरता येणार नाही. मिलानने 2002 मध्ये मिलान लॅब या नावाने खेळाडूंच्या शारीरिक चाचण्या आणि दुखापतींचा पूर्वअंदाज यांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. कोस्ताकुर्ता 2007 मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला, मिलानचाच बगलेवरचा बचावपटू काफू अडतिशीच्या उंबरठ्यापर्यंत खेळला. तेव्हा हा केवळ एका विलक्षण शरीराचा चमत्कार होता असे म्हणता येत नाही. 2007 मध्ये अथेन्समध्येच लिव्हरपूलला 2-1 असे हरवून मिलानने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा चषक उचलणारा मालदिनी 38 वर्षांचा होता, आणि युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेचे ते त्याचे पाचवे विजेतेपद होते. अखेरच्या वर्षांत गुडघे त्याला बरेच छळत होते, हेही नमूद केले पाहिजे.

प्रश्न : क्लबकडून इतके सर्व जिंकलेल्या खेळाडूला इटलीकडून एकही मोठा चषक का मिळाला नाही? (एक वाचक, नागपूर)

कारणे शोधू गेल्यास मुख्यतः पेनल्टी आणि गोल्डन गोल (जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपवणारा तेव्हाचा नियम) हाती लागतात. 1990 मध्ये घरच्या विश्वचषकात इटलीने पहिल्या पाच सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, आणि नेपल्समधील उपांत्य सामना अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टींवर गमावला. 1994 चा अंतिम सामना ब्राझीलविरुद्ध गोलशून्य राहिला आणि तोही पेनल्टींवर गेला; 1998 च्या उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सविरुद्ध अगदी हेच घडले. 2000 च्या युरो अंतिम सामन्यात भरपाईच्या वेळेपर्यंत इटली 1-0 असा पुढे होता. फ्रान्सच्या व्हिल्टोर्डने बरोबरी साधली आणि त्रेझेगेच्या गोल्डन गोलने फ्रान्स जिंकला. 2002 मध्ये दक्षिण कोरियाच्या आन जुंग-ह्वानने जादा वेळेत डोक्याने मारलेला निर्णायक गोल तर थेट मालदिनीच्या वरून उडी घेऊन मारलेला होता. त्यानंतर तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. 126 सामने, त्यांपैकी 74 कर्णधार म्हणून, आणि चार विश्वचषकांत मिळून 23 सामने, असा त्याचा हिशेब आहे. चार वर्षांनी फाबियो कान्नाव्हारोच्या नेतृत्वाखाली इटली विश्वविजेता झाला, तोही पेनल्टींवर.

यात दुर्दैवाचा भाग मोठा असला, तरी या सर्व संघांना आघाडी मिळाल्यावर मागे सरकून ती राखण्याचा सोस होता, हा आक्षेप खोडून काढता येत नाही. उत्तम बचावफळी हाताशी असली की प्रशिक्षकाला तिच्यावर अवाजवी भार टाकण्याचा मोह होतो.

प्रश्न : बॅलन डी'ओर हा वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार बचावपटूंना का मिळत नाही? (एक वाचक, ठाणे)

क्वचित मिळतो. बेकेनबाउर (1972 आणि 1976), मथियास झामर (1996) आणि कान्नाव्हारो (2006) यांना तो मिळाला आहे. पैकी पहिले दोघे मागून पुढे येऊन खेळ उभारणारे मोकळे बचावपटू होते, म्हणजे निव्वळ बचावासाठी पुरस्कार मिळालेला कान्नाव्हारो एकटाच. मालदिनी 1994 आणि 2003 मध्ये तिसरा आला. 2019 मध्ये व्हर्जिल व्हान डाइक मेस्सीच्या मागे अवघ्या सात गुणांनी राहिला. मतदार वर्षभरातील संस्मरणीय क्षण आठवून मत देतो, आणि न झालेला गोल आठवत नाही.

प्रश्न : निवृत्तीच्या सामन्यात मिलानच्याच प्रेक्षकांनी मालदिनीला शिट्ट्या मारल्या, हे खरे आहे का? असे का घडले? (एक वाचक, अबुधाबी)

दुर्दैवाने खरे आहे. 24 मे 2009 रोजी सान सिरो मैदानावर रोमाविरुद्ध त्याचा घरच्या मैदानावरील अखेरचा सामना झाला. मिलान 3-2 असा हरला. सामन्यानंतर तो मैदानाला फेरी मारत असताना बहुतांश प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण दक्षिणेकडच्या सज्जातील संघटित समर्थकांच्या एका गटाने शिट्ट्या मारल्या, तू मैदानावर थोर असलास तरी ज्यांनी तुला श्रीमंत केले त्यांचा मान राखला नाहीस अशा आशयाचा फलक धरला आणि मालदिनीच्या आधीचा कर्णधार बारेसी याच्या सहा क्रमांकाची भलीमोठी जर्सी झळकावून कर्णधार एकच, असा घोष केला. या गटांशी मालदिनीचे कधी फारसे सख्य नव्हते. इस्तंबूलमधील 2005 चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मिलानने ज्या रीतीने गमावला त्यानंतर ही तेढ उघड झाली होती. त्या सामन्यात पहिल्याच मिनिटाला गोल मालदिनीनेच केला होता, मध्यंतराला मिलान 3-0 असा पुढे होता, आणि लिव्हरपूलने सहा मिनिटांत तीन गोल करून शेवटी पेनल्टींवर चषक नेला. समर्थकांच्या म्होरक्यांना खुश ठेवणे हा इटलीतील मोठ्या खेळाडूच्या अलिखित कामाचा भाग मानला जातो, आणि मालदिनीने ते काम केले नाही, असे माझे त्या प्रसंगाविषयीचे वाचन आहे. आठवड्याभराने, 31 मे रोजी, फ्लॉरेन्समध्ये तो आपला 902 वा आणि शेवटचा सामना खेळला, आणि तिथे प्रतिस्पर्धी फिओरेन्तिनाच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली.

क्लबने त्याची तीन क्रमांकाची जर्सी निवृत्त केली, मात्र त्याच्या मुलांपैकी कोणी मुख्य संघात आल्यास त्याला ती देण्याची तरतूद ठेवली. धाकटा मुलगा डॅनियल 2020 मध्ये मिलानकडून खेळला, पण तो आक्रमक मधल्या फळीत खेळतो आणि त्याने 27 क्रमांक घेतला.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा आघाडीला खेळत असे. नव्या प्रशिक्षकांनी त्याला बचावात घातल्यापासून तो खट्टू आहे. भारतात बचावपटू म्हणून कारकीर्द होऊ शकते का? (एक पालक, सोलापूर)

होऊ शकते, आणि त्यासाठी उदाहरण फार दूरचे घ्यावे लागत नाही. मुंबईत जन्मलेला राहुल भेके बगलेवर आणि मध्यभागी अशा दोन्ही ठिकाणी खेळतो, आणि भारताकडूनही खेळला आहे. मार्च 2019 मध्ये मुंबईत झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत डोक्याने मारलेला बंगळूरू एफसीचा एकमेव गोल त्याचा होता. एप्रिल 2022 मध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 असे हरवले, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय, आणि त्यातील विजयी गोलही भेकेनेच केला. कॉर्नरच्या वेळी विरोधी गोलजाळ्यासमोर जाण्याचा हक्क बचावपटूंनाच आधी मिळतो, हे मुलाला जरूर सांगावे. शिवाय आघाडीला खेळलेल्या मुलाला आघाडीवीर कोणत्या क्षणी काय करील याचा अंदाज आधीपासून असतो, तेव्हा त्याची ती वर्षे वाया गेलेली नाहीत. मालदिनीचा जोडीदार नेस्ता 2014 मध्ये चेन्नईयिन संघाकडून भारतात खेळून गेला. वेग उरलेला नसताना केवळ उभे राहण्याच्या जागेवरून बचाव कसा करतात, हे पाहण्यासाठी त्याच्या त्या काळातील सामन्यांची दृश्ये मुलाला दाखवता येतील.

सरावाविषयी दोन गोष्टी सुचवतो. रोजचा निदान काही वेळ तुलनेने कच्च्या पायाने चेंडू देण्या-घेण्यात घालवावा, भिंत असली तरी पुरे. आणि सामना पाहताना चेंडूकडे न पाहता दहा-दहा मिनिटे एकाच बचावपटूकडे पाहावे : समोरच्या संघाकडे चेंडू असताना तो मान किती वेळा वळवतो, सहकारी पुढे गेला की तो कुठे सरकतो, कधी थांबतो. चौदाव्या वर्षी जागा कायमची ठरत नसते, त्यामुळे प्रशिक्षकांशी वाद घालण्यापूर्वी एक हंगाम त्याला तिथे खेळू द्यावे.